सूक्ष्म आरएनए आणि जनावरांची पैदास: कामाचं किती, हवा किती?

वंशवेल

जीनोमिक निवडीच्या (डीएनएतल्या खुणांवरून पैदाशीची जनावरं निवडण्याच्या) धाग्यावर दोनतीन जणांनी मायक्रोआरएनएचा विषय काढला होता आणि तिथे तो अवांतर ठरला, म्हणून हा वेगळा धागा. २०२४ चं वैद्यकाचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी मिळालं, तेव्हापासून या शब्दाला जरा जास्तच भाव आलाय. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल: पैदास करणाऱ्याला सूक्ष्म आरएनएचा खरा उपयोग तिथेच आहे, जिथे त्याचा माग डीएनएत सापडतो. बाकीचं सगळं निदानाच्या खात्यात जमा करावं.

थोडी पार्श्वभूमी. डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनतं, हे शाळेत झालेलं असतं. पण निघालेली प्रत्येक प्रत प्रथिनापर्यंत पोचतेच असं नाही. मधे अडवणारे काही फार छोटे आरएनए असतात. त्यातला सगळ्यात ओळखीचा मायक्रोआरएनए, लांबी साधारण २२ अक्षरं. तो आधी स्वतःवरच दुमडलेल्या मोठ्या तुकड्याच्या रूपात बनतो. केंद्रकात ड्रोशा नावाचं विकर त्याला एकदा छाटतं, केंद्रकाबाहेर डायसर दुसऱ्यांदा छाटतं, आणि उरलेला धागा आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो. मग ही जोडी पेशीतल्या आरएनए प्रती चाचपत हिंडते. मायक्रोआरएनएचं दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचं अक्षर, म्हणजे त्याचं 'बीज', एखाद्या प्रतीच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागाशी जुळलं, की त्या प्रतीवरून प्रथिन बनणं मंदावतं आणि बऱ्याचदा ती प्रतच नष्ट होते.

पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ मध्ये एका इवल्याशा गोलकृमीत सापडला आणि पुढची सात वर्षं तो त्या कृमीचाच विक्षिप्तपणा समजला गेला. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तो माणसापासून माशीपर्यंत सगळ्यांत आहे असं दिसलं, तेव्हा लोक जागे झाले.

आता पैदाशीकडे. या विषयातलं माझ्या मते सगळ्यात देखणं उदाहरण टेक्सेल मेंढीचं. नेदरलँड्सच्या टेक्सेल बेटावरची ही जात मांसलपणासाठी प्रसिद्ध. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला आवर घालतं, त्यामुळे संशोधकांनी साहजिकच त्याचा जनुक तपासला. प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागात काहीच वेगळं सापडलं नाही. कुठलीही मेंढी असते तसाच. बदल होता तो पुढे, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात: एका ठिकाणी 'जी' या अक्षराच्या जागी 'ए'. २००६ मध्ये बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातल्या मिशेल जॉर्जेस यांच्या गटाने त्याचा उलगडा केला. त्या एका अक्षरामुळे तिथे मिर-१ आणि मिर-२०६ या दोन मायक्रोआरएनएंच्या बीजाला जुळणारी आठ अक्षरं नव्याने तयार झाली होती. हे दोन्ही मायक्रोआरएनए स्नायूत भरपूर असतात. म्हणजे पहारेकरी आधीपासून हजर होते, मायोस्टॅटिनची प्रत त्यांच्या यादीत नव्हती. टेक्सेलमध्ये ती आली.

याच्या शेजारी बेल्जियन ब्लू गाय ठेवून पाहा. तिथे त्याच मायोस्टॅटिन जनुकातली ११ अक्षरं गळाली आहेत, प्रथिन पूर्ण निकामी. स्नायू प्रचंड, पण या जातीत ९० टक्क्यांहून जास्त वासरं पोट फाडून काढावी लागतात. टेक्सेलमध्ये मायोस्टॅटिन बनतं, पण कमी. पंख्याचं बटण बंद करणं आणि रेग्युलेटर एक घर मागे घेणं, एवढा हा फरक आहे. पैदास करणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरंच हवं असतं.

आणि हा बदल डीएनएत असल्यामुळे कोकराच्या कानाचा तुकडा घेऊन तपासता येतो, पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, संकरातून दुसऱ्या जातीत नेता येतो. मायक्रोआरएनए मोजायची गरजच नाही. माझा मुद्दा हाच.

गोठाप्रमुख

छान लिहिलंय ताई. पण मग वळूच्या वीर्यातले आरएनए तपासून गाभण राहण्याचं प्रमाण सांगता येईल असं जे म्हणतात, ते तुम्ही मोडीतच काढलंत की! आमच्यासारख्यांना स्नायूंपेक्षा गाय उलटते (भरवूनही पुन्हा माजावर येते) का राहते याचीच पडलेली असते.

शंकासुर

वंशवेल यांच्याशी सहमत, आणि एक पाऊल पुढे जातो. निदानाच्या खात्यातलंही बरंच फुगवलेलं आहे. कासदाहाचं उदाहरण घ्या. कासदाह झालेल्या सडात मिर-२२३ वाढतो, हे अनेकदा दिसलं आहे. मथळा काय होतो? 'कासदाहाचा रेणवीय सूचक सापडला.' अहो, मिर-२२३ हा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत खच्चून भरलेला असतो. सडात जंतू शिरले की न्यूट्रोफिल धावून येतात आणि सोबत मिर-२२३ येतो. त्या पेशीच मोजायच्या तर सोमॅटिक सेल काउंट, म्हणजे दुधातल्या पेशींची मोजणी, कित्येक दशकं चालू आहे, तोही स्वस्तात. मग हे नवीन काय सांगितलं?

ऊती तपासताना आपण कायम हे विसरतो की पेशींचं मिश्रण बदललं तरी आरएनएचं प्रमाण बदलतं. जनुकाचं नियमन बदललं असं लगेच म्हणायचं नसतं.

पशुवैद्यक

शंकासुरराव, पेशींच्या मिश्रणाबद्दल १०० टक्के सहमत. पण निदानाला एवढं तुच्छ लेखू नका, दवाखान्यात आमचं आयुष्य त्याच्यावर चालतं.

गाय भरवल्यानंतर ती राहिली का नाही हे अल्ट्रासाउंडने साधारण २८ ते ३० दिवसांनी कळतं, रक्तातल्या गर्भप्रथिनांची चाचणीही त्याच सुमाराची. आणि माज परततो २१ व्या दिवशी. म्हणजे न राहिलेली गाय पुढच्या माजाच्या आत ओळखायची तर १६ ते २० दिवसांत काहीतरी हाती लागायला हवं. त्या फटीत मायक्रोआरएनए बसतील का, असा शोध चालू आहे. रक्तद्रवात मिर-२६ए १६ व्या दिवसाच्या आसपास गाभण गाईंत जास्त दिसतो, असं २०१६ मध्ये छापून आलं. नंतरच्या कामांत मात्र प्रत्येकाची यादी वेगळी आली.

याद्या वेगळ्या येण्याचं एक साधं कारण आहे, ते प्रयोगशाळेपेक्षा गोठ्यात घडतं. नमुना घेताना सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली किंवा उन्हात राहिली, की तांबड्या पेशी फुटतात. तांबड्या पेशींत मिर-४५१, मिर-१६, मिर-४८६ भरपूर असतात, ते सगळे रक्तद्रवात सांडतात. मग तुम्ही गर्भ मोजताय की रक्त घेणाऱ्याचा हात, हे कळत नाही. चांगले गट आता मिर-४५१ आणि मिर-२३ए यांचं गुणोत्तर आधी बघतात आणि नमुना फुटलेला असेल तर टाकून देतात. जुन्या कामांत हे तपासलेलं असेलच असं नाही.

मेंढका

टेक्सेलबद्दल एक प्रश्न. शुद्ध टेक्सेलचा मेंढा घेताना ही जनुकचाचणी मागावी का?

वंशवेल

मेंढकाभाऊ, शुद्ध टेक्सेलमध्ये तो बदल जवळजवळ सगळ्यांत असतो, त्यामुळे तिथे चाचणी करून हाती काही लागत नाही. उपयोग संकरात. टेक्सेल मेंढ्यापासून दुसऱ्या जातीच्या मेंढीला झालेल्या कोकरांत एकच प्रत असते, परिणाम कमी. पुढच्या पिढ्यांत दोन प्रती असलेले मेंढे वेगळे काढायचे असतील तर चाचणी हवीच, कारण नुसत्या नजरेने एक प्रत आणि दोन प्रती खात्रीने ओळखता येत नाहीत.

तुम्ही मेंढीवाले आहात म्हणून दुसरी गोष्ट सांगते, कॅलिपीज मेंढ्यांची. ही मला टेक्सेलपेक्षाही जास्त आवडते, कारण यात पैदाशीचे नेहमीचे ठोकताळे पार कोलमडतात.

१९८३ मध्ये ओक्लाहोमात 'सॉलिड गोल्ड' नावाचा डॉर्सेट जातीचा मेंढा जन्मला. मागचे पुठ्ठे कमालीचे भरलेले. त्याच्या पिल्लांतही तो गुण उतरला, आणि कोकरू साधारण तीनचार आठवड्यांचं होईपर्यंत काहीच दिसत नाही हेही लक्षात आलं. सगळ्यांना वाटलं प्रभावी जनुक आहे. मग गंमत सुरू झाली. बदललेली प्रत बापाकडून आणि साधी प्रत आईकडून आली तरच पुठ्ठे भरतात. तीच बदललेली प्रत आईकडून आली तर कोकरू साधं. आणि दोन्हीकडून आली, तरीही साधं!

हिशेब करून बघा. दोन्ही प्रती बदललेल्या असलेला मेंढा साध्या मेंढ्यांवर सोडला तर सगळी कोकरं भरलेली. वा! म्हणून त्यांच्यातलेच नर-मादी एकमेकांना लावले, तर पुढच्या पिढीत चारातलं एकच भरलेलं. सरळ प्रभावी जनुक असता तर चारातली तीन यायला हवी होती. ज्याला हे माहीत नाही तो म्हणणार, रक्त पातळ झालं.

कारण असं. हा बदल १८ व्या गुणसूत्रावर अशा जागी आहे जिथे बापाची प्रत वेगळे जनुक चालवते आणि आईची प्रत वेगळे. बापाकडच्या प्रतीवरून डीएलके१ आणि पीईजी११ ही प्रथिनं बनतात, ती स्नायू वाढवतात. आईकडच्या प्रतीवरून प्रथिनं बनतच नाहीत. तिथून निघतात नुसते आरएनए, त्यात मायक्रोआरएनएंचा मोठा जथा. त्यातले काही पीईजी११च्या नेमके उलट्या धाग्यावरून बनतात, त्यामुळे त्याच्या प्रतीशी अक्षरन्‌अक्षर जुळतात आणि तिचे तुकडे करतात. बदललेली प्रत जिथून येते तिथलं उत्पादन वाढतं. बापाकडून आली तर स्नायू वाढवणारी प्रथिनं वाढली. दोन्हीकडून आली तर आईकडचे आरएनएही वाढले आणि त्यांनी बापाकडच्या वाढीवर बोळा फिरवला. २००२ मध्ये कळलं की हा सगळा खेळ एका अक्षराचा आहे, ए ऐवजी जी.

मेंढका

जबरदस्त! मग हे मेंढे बाजारात का दिसत नाहीत?

वंशवेल

मांस चिवट. स्नायूतली प्रथिनं कापून मांस मऊ करणारी कॅल्पेन नावाची विकरं असतात, त्यांना रोखणारं कॅल्पास्टॅटिन या मेंढ्यांत जास्त असतं. विशेषतः पाठीचं मांस शिजता शिजत नाही. वजन मिळालं, गिऱ्हाईक गेलं.

आकडेमोडे

धागा चांगला चाललाय, मी जरा आकड्यांचं पाणी ओततो.

'अमुक मायक्रोआरएनए दुधाच्या फॅटशी संबंधित असलेल्या तमुक जनुकाला लक्ष्य करतो' अशी वाक्यं शेकड्याने छापली जातात. ती येतात कुठून? बहुतेक वेळा संगणकाने बीज जुळवून पाहिलेलं असतं. बीज सात अक्षरांचं. चार अक्षरांपासून सात अक्षरी शब्द बनतात ४ चा ७ वा घात, म्हणजे १६,३८४. जनुक २०,००० धरा आणि प्रत्येकाचा शेवटचा न उतरणारा भाग सरासरी १,००० अक्षरांचा धरा, एकूण दोन कोटी अक्षरं. म्हणजे कुठलंही बीज निव्वळ योगायोगाने सुमारे १,२०० ठिकाणी जुळणार. त्यात दुधाशी, फॅटशी, माजाशी संबंध जोडता येईल असे पाचपन्नास जनुक सापडणारच. न सापडले तरच आश्चर्य.

म्हणून जुळणी हा पुरावा नाही. टेक्सेलचं काम वेगळं ठरलं कारण तिथे क्रम उलटा होता: आधी गुणधर्माचा माग काढत गुणसूत्रावरचा भाग सापडला, मग जनुक, मग अक्षर, आणि सगळ्यात शेवटी मायक्रोआरएनए. बीजाकडून सुरुवात करून गुणधर्माकडे जाणाऱ्यांना असं यश क्वचित आलंय.

दुसरं. मिरबेस या सार्वजनिक नोंदवहीच्या २२ व्या आवृत्तीत गाईचे हजाराहून जास्त मायक्रोआरएनए नोंदलेत आणि मेंढीचे जेमतेम शंभर. मेंढीत कमी असतात म्हणून नव्हे, तिच्यावर काम कमी झालं म्हणून. आणि गाईच्या हजारातलेही सगळे खरे असतील असं नाही. कुठलाही दुमडलेला तुकडा दिसला की नोंद करायची असा एक काळ होता.

आता मूळ प्रश्न: पैदासमूल्य, म्हणजे जनावर आपल्या पिल्लांना किती गुण देईल याचा अंदाज, काढताना याचा उपयोग काय? जीनोमिक निवडीची कल्पना म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये मांडली, २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन या दुधाळ गाईंच्या जातीची अधिकृत मूल्यं त्यावर निघू लागली. त्यात साधारण ५०,००० खुणा संपूर्ण जीनोमभर पसरलेल्या असतात. एखाद्या मायक्रोआरएनएच्या लक्ष्यात बदल असेल, तर त्याच्या शेजारची खूण तो बदल आधीच पकडते. त्या बदलामागे मायक्रोआरएनए आहे का आणखी काही, याने वळूच्या क्रमवारीत काडीचा फरक पडत नाही.

फरक पडतो तो जात ओलांडताना. होल्स्टीनमध्ये शेजारची खूण आणि खरा बदल सोबत फिरतात, दुसऱ्या जातीत फिरतीलच असं नाही. तिथे खरं अक्षर माहीत असणं फायद्याचं. म्हणून जातिवंत आणि संकरित जनावरं मिसळलेल्या कळपांत, किंवा ज्या जातींचे संदर्भकळप (खुणा आणि गुण दोन्हींच्या नोंदी असलेले कळप) लहान आहेत तिथे, नियमन करणाऱ्या भागांचा नकाशा कामाचा. २०१५ पासून फांग नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प पाळीव जनावरांसाठी असा नकाशा बनवतोय, त्यात छोटे आरएनएही आहेत. पैसे घालायचे तर अशा कामात घालावेत.

शंकासुर

+१. 'काडीचा फरक पडत नाही' हे वाक्य फ्रेम करून लावावं.

गोठाप्रमुख

माझा वीर्याचा प्रश्न अजून लोंबकळतोय मंडळी.

नवखी

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, पैदाशीतलं फार कळत नाही. क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्रात जो मार्गदर्शक आरएनए वापरतात तोही यातच धरायचा का? आणि गाईला बाहेरून मायक्रोआरएनए देऊन काही बदल करता येतो का?

पशुवैद्यक

नवखी, क्रिस्परचा मार्गदर्शक आरएनए जिवाणूंच्या संरक्षण व्यवस्थेतून उचललेला आहे. त्यातली २० अक्षरं लक्ष्य ओळखतात, पण त्याच्या सोबतचं प्रथिन कापतं ते डीएनए. जनावराच्या स्वतःच्या पेशीत तसं काही नसतं. नात्यागोत्यात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आहे, आणि ते मजेदार आहे. गाईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन असतं, माणसाच्या दुधात ते नसतं, आणि काही मुलांना त्याची अ‍ॅलर्जी असते. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी या प्रथिनाची आरएनए प्रत अडवणारे मायक्रोआरएनए मुद्दाम रचले, त्यांचा जनुक गाईच्या पेशीत घातला आणि त्या पेशीपासून क्लोन करून कालवड जन्माला घातली. नाव डेझी. संप्रेरकं देऊन तिला दुधावर आणलं, तर दुधात ते प्रथिन मोजण्याइतकंही सापडलं नाही, उलट केसिन हे दुधातलं मुख्य प्रथिन वाढलेलं. डेझीला शेपूट नव्हती. त्याचा दोष घातलेल्या जनुकाला देता येईल असा पुरावा नाही, क्लोन केलेल्या वासरांत अशी व्यंगं येतात.

पुढे त्याच गटाने तो जनुकच संपादन करून निकामी केला, मायक्रोआरएनएची गरज उरली नाही. त्यामुळे ही वाट सिद्ध झाली आणि लगेच मागेही पडली. घातलेला जनुक पुढच्या पिढ्यांत किती नेटाने चालेल याची धाकधूक राहते. जनुकच मोडला की ती राहत नाही.

वंशवेल

गोठाप्रमुख, आता तुमच्याकडे येते.

शुक्रजंतू पक्व होईपर्यंत त्याचा डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की त्यावरून नव्या प्रती निघत नाहीत. त्यामुळे त्यातला आरएनए एक तर वृषणात बनला तेव्हाचा उरलेला, नाहीतर पुढे एपिडिडिमिसमधून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीतून, जाताना तिथल्या पेशींनी सोडलेल्या पुटिकांतून (इवल्या पिशव्यांतून) मिळालेला. दोन्ही प्रकारांत तो वृषण आणि एपिडिडिमिस यांच्या तब्येतीची खबर देतो. डुकरांत विकृत आकाराच्या शुक्रजंतूंत लेट-७ गटातले काही मायक्रोआरएनए वाढलेले दिसतात, वळूंतही जास्त आणि कमी प्रजननक्षम गटांत फरक नोंदले गेलेत. पण सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल आणि आकार पाहून जे कळतं त्याहून किती जास्त कळलं, हा प्रश्न विचारायचा असतो.

तरी मी हे मोडीत काढत नाही. गाईच्या प्रजननाच्या बहुतेक गुणांची आनुवंशिकता (जनावरांतल्या फरकात जनुकांचा वाटा) पाच टक्क्यांच्या आतबाहेर, दुधाची २५ ते ३५ टक्के. जिथे आनुवंशिकता इतकी कमी, तिथे आपण बहुधा चुकीची गोष्ट मोजतोय. 'राहिली का उलटली' यात माज ओळखणाऱ्यापासून हवामानापर्यंत सगळं मिसळलेलं असतं. मधला एखादा घटक स्वच्छ मोजता आला आणि त्याची आनुवंशिकता जास्त निघाली, तर निवडीला धार येईल. तो घटक आरएनए असू शकतो. मात्र तो हजारो जनावरांवर स्वस्तात मोजता यायला हवा. दहाबारा वळूंवरून काही ठरत नाही.

आणि शुक्रजंतूंत मायक्रोआरएनएपेक्षा महत्त्वाचं काही असेल तर ते पीआयआरएनए. लांबी २४ ते ३१ अक्षरं, काम जीनोममध्ये उड्या मारणाऱ्या तुकड्यांना गप्प ठेवणं, ठिकाण मुख्यतः वृषण आणि अंडाशय. उंदरात यांची सोबती पिवी प्रथिनं काढून टाकली तर नर वांझ होतात, माद्यांना काही होत नाही. त्यामुळे बरीच वर्षं हा नरांचाच विषय मानला गेला. पण उंदरात पिवीचा तिसरा प्रकारच नाही. गाईच्या स्त्रीबीजात आहे. २०२१ मध्ये हॅमस्टरवर प्रयोग झाले, हॅमस्टरमध्येही तो प्रकार असतो, तर पिवी काढल्यावर माद्याही नापीक झाल्या. म्हणजे या बाबतीत गाईसाठी उंदीर हे वाईट उदाहरण ठरलं. गाईच्या स्त्रीबीजातले पीआयआरएनए आणि वारंवार उलटणं यांचा काही संबंध आहे का, हा माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात रसाळ प्रश्न आहे आणि त्यावर काम फार थोडं.

याक आणि गाय यांच्या संकरातले नर वांझ असतात, माद्या नसतात. त्या नरांच्या वृषणातही पिवी घटलेलं दिसतं. कारण की परिणाम, हे वेगळं काढणं अवघड. शुक्रपेशी तयारच होत नसतील तर त्यांच्यातलं पिवी कुठून दिसणार? शंकासुरांचा पेशींच्या मिश्रणाचा मुद्दा इथेही लागू.

शंकासुर

चला, कुणीतरी माझं ऐकतंय.

कोंबड्यांचं राहिलं म्हणून टाकतो. पाळीव कोंबडीच्या जीनोममध्ये एव्हियन ल्युकोसिस विषाणूच्या घराण्यातले जुने तुकडे घुसून बसलेत. त्यातल्या एका तुकड्यापासून पीआयआरएनए बनतात आणि ते त्याच घराण्यातल्या विषाणूला आवर घालतात, असं २०१७ मध्ये दिसलं. उलट बाजूही आहे. मॅरेक्स रोगाचा विषाणू स्वतःचा मायक्रोआरएनए घेऊन येतो, तो कोंबडीच्या मिर-१५५ची हुबेहूब नक्कल करतो. विषाणूतून तेवढा एक काढला तर गाठी होत नाहीत. पण मॅरेक्सला दाद न देणारे कळप पैदाशीतून आले ते बी२१ या प्रतिकारशक्तीच्या जनुकगटावर निवड करून. इथेही डीएनएच.

नवखी

दुधातले मायक्रोआरएनए वासराला किंवा माणसाला मिळून काही परिणाम होतो, असं वाचलं होतं. त्याचं काय?

आकडेमोडे

दुधात मिर-१४८ए भरपूर असतो आणि पुटिकांत बंद असल्यामुळे तो आम्लाला, विकरांना बऱ्यापैकी टिकतो. चिकात तर प्रतिकारशक्तीशी निगडित मायक्रोआरएनए जास्तच. वासराच्या आतड्यावर पहिल्या दिवसांत त्यांचा काही परिणाम होत असेल हे पटण्यासारखं आहे. माणसाच्या बाबतीत वाद मिटलेला नाही. तांदळातला मिर-१६८ए खाणाऱ्याच्या यकृतात जाऊन काम करतो, असा मोठा गाजावाजा झाला होता. २०१३ मध्ये इतर गटांनी तपासलं तेव्हा तसं काही सापडलं नाही. त्यामुळे खाद्यातून 'नियामक आरएनए' विकणारा कुणी भेटला तर आधी चहा पाजायला लावा, मग पुरावा मागा.

गोठाप्रमुख

हा हा! शेवटचा एक प्रश्न. बापाच्या खाण्यापिण्याचा परिणाम शुक्रजंतूंच्या आरएनएतून पिल्लांवर होतो, असं उंदरांत दिसलंय ना? मग वळू कसा पोसला, कुठल्या वयात वीर्य घेतलं, याने त्याच्या मुली बदलतील?

वंशवेल

उंदरांत दिसलंय, २०१६ मध्ये दोन गटांनी दाखवलं. त्यातल्या एका गटाच्या कामात, नराला भरपूर स्निग्ध आहार दिला तर शुक्रजंतूंतले टी-आरएनएचे (प्रथिन बनताना त्याचे घटक आणून देणाऱ्या आरएनएचे) तुकडे बदलतात, आणि ते तुकडे फलित अंड्यात टोचले तरी पिल्लांत साखरेची गडबड दिसते. पण शुक्रजंतूतला आरएनए अंड्यातल्यापेक्षा हजारो पटींनी कमी असतो, त्यामुळे एवढ्याशाने काम कसं होतं यावर अजून खल चालू आहे.

वळूंत वयाचा मुद्दा गंभीर आहे. जीनोमिक निवड आल्यापासून मुलींच्या दुधाची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे वळू वर्षाचा व्हायच्या आतबाहेरच त्याचं वीर्य गोळा करायला लागतात. त्या वयातल्या आणि प्रौढ वयातल्या शुक्रजंतूंत फरक दिसतात. मुलींच्या दुधापर्यंत ते पोचतात का, हा पुढचा प्रश्न. आकडेमोडे, हे तपासायचं कसं?

आकडेमोडे

सोपं आहे, कंटाळवाणं आहे. एकाच वळूचं अकराव्या महिन्यातलं आणि चौथ्या वर्षातलं गोठवलेलं वीर्य घ्यायचं. एकाच मोसमात, त्याच गोठ्यांत, चिठ्ठ्या टाकून गाई भरवायच्या. दोन्ही गटांना बापाकडून जीनोम त्याच वळूचा मिळतो, त्यामुळे मुली पुरेशा असतील तर सरासरीतला फरक डीएनएचा नसतो. दोन गटांच्या मुली वेगवेगळ्या वर्षी जन्मल्या तर मात्र चारा, हवामान, व्यवस्थापन सगळं मिसळतं आणि काहीच कळत नाही. जुन्या नोंदींवरून हा प्रश्न सुटत नाही तो यामुळेच. परिणाम असला तरी लहान असणार, त्यामुळे प्रत्येक गटात मुली शेकड्यांनी लागतील आणि वळूही एक नव्हे, बरेच. आणि परिणाम सापडला तरी तो त्या मुलींपुरता. नातींत उतरतो असं दिसल्याशिवाय पैदासमूल्यात त्याला जागा नाही.

गोठाप्रमुख

म्हणजे रेतनाच्या वहीत वळूच्या नावापुढे वीर्याच्या कांडीचा बॅच क्रमांकही उतरवायला हवा. आमच्यात नाव तेवढं लिहितात.

आकडेमोडे

बॅच क्रमांकावरून वीर्य गोळा केल्याची तारीख काढता येत असेल तर तेवढा पुरे. नसेल तर तारीखच उतरवा, वय नको. वय लिहिताना लोक अंदाजे लिहितात.